जळगाव-धुळे-नंदुरबारमध्ये जेवायला बसताना: स्थानिक व शाश्वत अन्न कसे ओळखावे, कसे मागवावे

खान्देशातील तिन्ही जिल्ह्यांच्या शहरांत आणि त्यांना जोडणाऱ्या महामार्गांवर 'अस्सल खान्देशी', 'गावरान', 'चुलीवरचे', 'सेंद्रिय' अशा पाट्यांची अलीकडे दाटी झाली आहे. दारात बैलगाडीचे चाक टेकवलेले असते, भिंतीवर कंदील टांगलेला असतो, वेटरच्या डोक्यावर टोपी असते, आणि ताटात येणारी तूरडाळ आफ्रिकेतून आली की ब्रह्मदेशातून, हे मालकालाही ठाऊक नसते. दुसरीकडे बसस्थानकामागच्या बोळात एखादी अशी खानावळ असते, की जिची पाटी धड रंगवलेलीही नाही, पण जिचा मालक उजाडताच बाजार समितीत जाऊन वांगी स्वतः हाताने दाबून निवडतो. जेवणाऱ्याच्या हातात मेनूकार्ड आणि फार तर तासाभराचा वेळ असतो. तेवढ्यात या दोहोंतला फरक कसा ओळखावा आणि ओळखल्यावर काय मागवावे, याविषयी हे टिपण आहे.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी. पदार्थ स्थानिक आहे, म्हणजे त्याची कृती इथली आहे, त्याचा माल इथला आहे की दोन्ही, हे निरनिराळे प्रश्न आहेत. शेवभाजी ही खान्देशाची खरी, परंतु तिच्या शेवेचे बेसन कुठल्याही राज्यातल्या हरभऱ्याचे असू शकते. आणि माल इथला असला, तरी तो पिकवताना जमीन, पाणी आणि राबणारी माणसे यांची झीज किती झाली, हा तिसरा प्रश्न उरतोच. या तिन्ही कसोट्यांना पुरे उतरणारे हॉटेल शोधत बसलो, तर उपाशी राहावे लागेल. खोबरे दक्षिणेतून येते, जिरे गुजरात-राजस्थानातून येते. त्यावर कोणी हरकत घेऊ नये. ताटातील मुख्य दोन-तीन वस्तू, म्हणजे धान्य, डाळ आणि त्या दिवसाची भाजी, जवळपासच्या तालुक्यांतून आणि हंगामात आल्या असतील, तर ते ताट माझ्या लेखी उत्तीर्ण समजावे.

अशा स्वयंपाकघराची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे तिथे ऐकू येणारे 'आज नाही'. जे हॉटेल जूनमध्येही भरीत देते, डिसेंबरातही ताज्या कैरीचे पन्हे देते आणि बाराही महिने सत्तर भाज्यांचे मेनूकार्ड पुढे ठेवते, त्याचा माल शीतगृहातून आणि लांबच्या ट्रकमधून येतो, हे सांगायला ज्योतिषी नको. उलट, "भाऊ, आज भरीत नाही, वांगं चांगलं आलं नव्हतं," असे ज्या गल्ल्यावर ऐकू येते, तिथे निःशंक बसावे आणि जे आहे ते मागवावे.

निघण्यापूर्वी

पहिले काम फोनचे. हॉटेलचा क्रमांक मिळवून सकाळी अकराच्या आत एक फोन करावा आणि "आज काय आहे?" एवढेच विचारावे. समोरच्याने मेनूकार्ड वाचून दाखवायला सुरुवात केली, तर ते एक उत्तर झाले; "आज गंगाफळ आहे, मेथी आहे, कळण्याची भाकरी संध्याकाळी मिळेल," असे त्याने सांगितले, तर ते दुसरे. या फोनचा आणखी एक उपयोग असा, की खान्देशातील उत्तम पदार्थांपैकी कित्येक पदार्थ आयत्या वेळी होतच नाहीत. खापरावरचे मांडे करणारी बाई रोज स्वयंपाकघरात नसते. तिला आदल्या दिवशी निरोप द्यावा लागतो. पालथ्या घातलेल्या खापरावर हाताने झुलवून पसरलेली ती पुरणपोळी हे कसबाचे काम आहे, आणि ते येणाऱ्या स्त्रिया आता मोजक्याच राहिल्या आहेत. वरण-बट्टीचेही तसेच: जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेचे गोळे आधी उकडून मग तळायचे किंवा थेट गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, म्हणजे घाईने आणलेली बट्टी आतून कच्ची निघणार. चार-सहा जणांची मागणी आदल्या दिवशी पक्की सांगितली, की मालक माल मोजून आणतो, शिळे उरत नाही, आणि आपल्यालाही मनासारखे मिळते. हॉटेलातील अन्नाची नासाडी कमी करण्याचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही.

दुपारी जायचे तर साडेबाराच्या सुमारास जावे. भाकरी तव्यावरून थेट ताटात येण्याची ती वेळ असते. दोननंतर बहुधा झाकून ठेवलेली भाकरी येते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा दुपारचा हट्ट सोडून रात्रीचेच ठरवावे. बाहेरगावच्या पाहुण्यांना घेऊन जाणाऱ्यांनी ही सूचना विशेष ध्यानात ठेवावी, कारण त्या उन्हात तर्रीची शेवभाजी खाल्लेला पाहुणा पुन्हा येत नाही.

महिना पाहून मागवावे

मेनूकार्डापेक्षा पंचांग जास्त उपयोगी पडते. पावसाळ्यात, म्हणजे जुलै ते सप्टेंबर, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून रानभाज्या शहरात येतात: कर्टुली, तरोटा, कुर्डू, घोळ, अंबाडी. चोपडा, यावल, शहादा आणि नंदुरबार इथल्या बाजारात आदिवासी स्त्रिया त्या वाटे लावून विकतात, आणि ऑगस्टच्या सुमारास कृषी विभागातर्फे रानभाजी महोत्सवही भरवले जातात. हॉटेलात या भाज्या क्वचित मिळतात, कारण निवडायला वेळ फार लागतो आणि शिजल्यावर हाती थोडेच उरते. म्हणूनच ज्या हॉटेलच्या फळ्यावर पावसाळ्यात 'कर्टुल्याची भाजी' खडूने लिहिलेली दिसेल, तिथे ती आधी मागवावी. श्रावणात कानबाईच्या रोटांच्या निमित्ताने घरोघरी गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी शिजते. त्या दिवसांत हॉटेलातही गंगाफळ चांगले असते. एरवीही हे फळ सालासकट महिनोन् महिने टिकते, त्याला शीतगृह लागत नाही, त्यामुळे वर्षभर निर्धास्तपणे मागवता येण्याजोगी जी थोडी नावे आहेत, त्यांत त्याचा नंबर वरचा लागतो.

हिवाळा हा खान्देशाचा खरा जेवणाचा काळ. चातुर्मासात वांगे वर्ज्य करणाऱ्या घरांत चंपाषष्ठीला ते पुन्हा ताटात येते, आणि तिथून फेब्रुवारीपर्यंत भरिताचे दिवस असतात. ओल्या तुरीचे दाणे, हरभऱ्याची कोवळी पाने, मेथी, कांद्याची पात, हुरडा हे सारे याच काळातले. हॉटेलात जानेवारी महिन्यात पनीर बटर मसाला मागवणाऱ्याला अडवता येत नाही, पण मनातून वाईट वाटते.

उन्हाळ्यात हिरवी भाजी कमी आणि महाग होते, कारण तेव्हा ती केवळ पाण्याच्या जोरावर उभी असते. हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते, म्हणून त्या ऋतूसाठी वाळवणाची सोय होती: ज्वारीचे बिबडे, कुरडया, उडदाचे पापड, वाळवलेली गवार, डाळीच्या वड्या. उन्हाळ्यात जेवायला बसल्यावर डाळींच्या पदार्थांकडे वळावे. कढी-फुनके, पातोड्यांची रस्साभाजी, डुबुकवड्या, डाळगंडोरी यांना भाजीबाजाराची फारशी गरज पडत नाही. फुनके म्हणजे भिजवून भरडलेल्या डाळीचे वाफवलेले मुटके; ते कढीत कुस्करून वर कच्चे तेल घेऊन खावेत. आणि अक्षय्य तृतीया, म्हणजे आपली आखाजी, जवळ आली की आमरस आणि मांडे यांची विचारणा जरूर करावी. मात्र आमरस डब्यातला आहे की पिळलेला, हे विचारायला लाजू नये.

भरिताची परीक्षा

एकाच पदार्थावरून हॉटेल पारखायचे असेल, तर हिवाळ्यात भरीत मागवावे. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. यावल तालुक्यातील बामणोद आणि जळगावजवळील आसोदा या गावांची नावे या वांग्याशी जोडलेली आहेत. हे वांगे आकाराने मोठे, फिकट हिरव्या रंगाचे, वर पांढुरकी झाक असलेले, बिया कमी आणि गर भरपूर असे असते. जांभळ्या वांग्याचे भरीतही चवदार होऊ शकते, पण ते 'जळगावचे भरीत' म्हणून विकले जात असेल, तर तेवढ्यापुरती ती थाप आहे.

वांगे भाजायचे ते कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर किंवा तुरीच्या तुराट्यांवर. पऱ्हाटी भरभर पेटते, तिचा जाळ मोठा आणि अल्पकाळ टिकणारा असतो. त्यात वांग्याची साल पटकन करपते आणि गर स्वतःच्याच पाण्यात शिजतो. कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाटी शेतात किंवा बांधावर तशीच पडू देऊ नका, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो, कारण गुलाबी बोंडअळीला तिच्यात आसरा मिळतो. जी काडी शेताबाहेर जाणेच हिताचे, तिच्यावर वांगी भाजली जातात, याहून चांगले इंधन कोणते सुचवावे? भाजलेले वांगे सोलून बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, लाकडी मुसळाने ठेचतात. मग हिरवी मिरची आणि लसूण एकत्र कुटून तेलात परततात, त्यात शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप पडतात, नंतर ठेचलेला गर, आणि शेवटी कांद्याची पात व कोथिंबीर. लाल तिखट नाही, टोमॅटो नाही, गरम मसाला नाही.

ताट पुढे आले, की घास घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, वास: काडीवर भाजलेल्या वांग्याला धुराचा मंद वास असतो, गॅसवरच्याला तो नसतो. दुसरी, पोत: चमच्याने थोडे भरीत ताटाच्या कडेला पसरून बघावे, मुसळाने ठेचलेल्या गराचे धागे वेगवेगळे दिसतात, मिक्सरमधून काढलेला गर खिरीसारखा एकजीव पसरतो. तिसरी, सालीचे काळे ठिपके: हाताने सोलताना करपलेल्या सालीचे एक-दोन कण राहतातच, आणि ते राहिलेले बरे. बिया दाताखाली कडक लागल्या, तर वांगे जून होते, किंवा हंगाम संपला तरी भरीत चालूच ठेवले आहे. भरितासोबत पुऱ्याही देतात आणि त्या खायला छान लागतात, परंतु पर्याय असेल तर कळण्याची भाकरी घ्यावी.

भाकरी कोणत्या ज्वारीची

कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट अख्खे उडीद मिठासह एकत्र दळलेले पीठ. साधारण चार भाग ज्वारीस एक भाग उडीद घेतात; घरोघरी हे प्रमाण बदलते. भाकरी किंचित करड्या रंगाची असावी आणि तिच्यावर उडदाच्या सालीचे काळे कण स्पष्ट दिसावेत. एकसारखी पांढरी 'कळण्याची भाकरी' आली, तर उडीद डाळीचे पीठ मिसळून वेळ मारून नेली आहे, असे समजावे. ती गरम असतानाच खावी. सोबत ठेचा, कांदा आणि शेंगदाण्याचे तेल पुरे होते.

साधी ज्वारीची भाकरी मागवताना "दादरची आहे का?" असे विचारावे. दादर ही रब्बीची ज्वारी. तापीच्या खोऱ्यातील काळ्या, खोल जमिनीत पावसाळा संपता संपता ती पेरतात आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती उभी राहते. अमळनेर, चोपडा, शिंदखेडा, शिरपूर या भागांत ती वर्षानुवर्षे घेतली जाते. धान्य माणसाला आणि कडबा गुरांना, असा तिचा दुहेरी उपयोग आहे. पाण्याच्या हिशोबाने पाहिले, तर खान्देशातील ताटात याहून हलकी वस्तू मिळणे कठीण. दादरची भाकरी पांढरी, चवीला गोडसर आणि थंड झाल्यावरही बऱ्यापैकी मऊ राहते. संकरित ज्वारीपेक्षा ती महाग पडते, म्हणून भाकरीमागे दोन पैसे जास्त लावले असतील, तर कुरकुर करू नये. शेतकऱ्याने दादर पेरत राहावे असे वाटत असेल, तर तिला भाव मिळालाच पाहिजे. नंदुरबारकडे गेल्यास नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि भगर यांची विचारणा करावी. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांच्या डोंगरउतारांवर ही भरड धान्ये पावसावर येतात, आणि शहरातील हॉटेलांत ती अजून हवी तितकी पोचलेली नाहीत.

कोणाला आणि काय विचारावे

प्रश्न विचारण्यालाही रीत आहे. टेबलावर बसल्या बसल्या वेटरची उलटतपासणी सुरू केली, तर तो बिचारा सगळ्याला "हो" म्हणून मोकळा होतो. गर्दी नसताना गल्ल्यावर किंवा भटारखान्याच्या दाराशी जाऊन मालकाला अथवा आचाऱ्याला एकाच वस्तूविषयी विचारावे. "दादा, आजची वांगी कुठली?" या प्रश्नाला गावाचे नाव, निदान ज्या अडत्याकडून आणली त्याचे नाव, असे उत्तर आले, की विश्वास ठेवावा. "सगळं गावरान आहे, साहेब," हे उत्तर नव्हे. स्वयंपाक करणाऱ्या मावशी बाहेर आल्या, तर त्यांनाच विचारावे. त्यांना माल मालकापेक्षा जास्त ठाऊक असतो, आणि कौतुकाचा शब्दही त्यांच्यापर्यंत क्वचितच पोचतो.

'चुलीवरचे' अशी पाटी असेल, तिथे चुलीत काय जळते, हे अवश्य विचारावे. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, बाभळीच्या छाटलेल्या फांद्या असतील तर उत्तम. सातपुड्यातून तोडून आणलेले लाकूड असेल, तर चवीसाठी जंगल जाळण्यात कसले आले भूषण. बंद खोलीत, धुराडे नसताना बायकांना दिवसभर चुलीपुढे बसवले जात असेल, तर त्या भाकरीला मी शाश्वत म्हणणार नाही. गॅसवरची भाकरी त्यापेक्षा चांगली.

मिरचीविषयी विचारणेही फायद्याचे असते. नंदुरबार ही राज्यातील लाल मिरचीची मोठी बाजारपेठ; हिवाळ्यात तिथे शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर ओली लाल मिरची एकरच्या एकर वाळत घातलेली दिसते. जे हॉटेल मोसमात अशी मिरची घेऊन वर्षाचे तिखट स्वतः कुटून ठेवते, त्याच्या रश्श्याचा रंग गडद तपकिरी-लाल असतो आणि तो बोटांना डागासारखा चिकटून राहत नाही. भडक, नारिंगी झाकेची तर्री दिसली, तर सावध व्हावे. आंबटपणासाठी आमचूर वापरतात का, हेही जाता जाता विचारावे, कारण अक्राणीच्या डोंगरात कैऱ्या सोलून, कापून, वाळवून आमचूर करणे हा कित्येक आदिवासी कुटुंबांचा उन्हाळ्याचा रोजगार आहे.

शिक्के आणि त्यांचा अर्थ

भौगोलिक मानांकनाचा उल्लेख आता मेनूकार्डांवरही दिसू लागला आहे. जळगावची केळी, जळगावचे भरीत वांगे आणि नवापूरची तूरडाळ या तिन्हींना ते मिळालेले आहे. परंतु हे मानांकन माल कुठला आणि कोणत्या गुणांचा, एवढेच सांगते. तो फवारणीशिवाय पिकवला, असे ते सांगत नाही. 'सेंद्रिय' हा दावा वेगळा आणि त्याची प्रमाणपत्रेही वेगळी: एक राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे, दुसरे शेतकऱ्यांच्या गटांनी एकमेकांची शेते तपासून द्यायचे पीजीएस-इंडियाचे. पाकीटबंद मालावर सेंद्रियाचे अधिकृत चिन्ह असते. मेनूवर 'सेंद्रिय' लिहिणाऱ्या हॉटेलने डाळीचे किंवा पिठाचे पाकीट अथवा गटाचे प्रमाणपत्र दाखवायला हरकत नसावी. ते दाखवता येत नसेल, तर त्या शब्दासाठी वाढीव दर देण्याचे कारण नाही. प्रमाणपत्र नाही, पण शेतकरी ओळखीचा आहे, असे मालक मोकळेपणाने म्हणत असेल, तर मी ते अधिक मोलाचे मानतो.

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक भिंतीवर आणि बिलावर असलाच पाहिजे. बिलावर तो छापण्याची सक्ती १ जानेवारी २०२२ पासून आहे. तळणीच्या तेलालाही नियम आहे: त्यातील एकूण ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले, की ते तेल वापरता येत नाही. जेवणाऱ्याला हे मोजता येत नाही, पण तळलेल्या मिरचीवर काळसर, चिकट थर दिसणे आणि घशात खवखव होणे, एवढे पुरेसे सांगून जाते.

केळीचा अवघड प्रश्न

जळगाव जिल्ह्यात केळीहून अधिक स्थानिक असे काय असणार? रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर हा सारा पट्टा केळीचा. तरीही जेवण झाल्यावर हॉटेलात केळे मागितले, तर वेटर चेहऱ्याकडे बघत राहतो आणि गुलाबजाम आणतो. केळीची भाजी, कच्च्या केळीचे वेफर्स, शिकरण हे पदार्थ आग्रहाने मागवावेत, असे मला वाटते. मागणीच नसेल, तर ते मेनूवर येणार कसे?

पण केळी हे भरपूर पाणी पिणारे पीक आहे, आणि जिथे वर्षाकाठी सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे ते विहिरी-कूपनलिकांच्या पाण्यावर उभे आहे. रावेर-यावल भागातील भूजल त्यामुळे वर्षानुवर्षे खोल जात आले आहे. ठिबक सिंचनाने पाण्याची बचत झाली हे खरे, मात्र वाचलेल्या पाण्यावर पुन्हा केळीच वाढली, तर विहिरीला काय मिळाले? म्हणून केळी जवळची आहे एवढ्यावर तिला शाश्वत ठरवू नये आणि पाण्याची म्हणून तिला ताटाबाहेरही काढू नये. व्यवहारात एवढे करता येते: भाकरी दादरची, डाळ तुरीची, आणि गोडाला एक केळे, म्हणजे कमी पाण्याच्या ताटात केळीचा खर्च सामावून जातो. केळे कसे पिकवले, हेही विचारावे. कार्बाइडने फळ पिकवण्यास बंदी आहे. इथिलीन वायू सोडलेल्या पिकवण-घरातील केळे चालते.

सामिष जेवणाऱ्यांसाठी

गावरान कोंबडी मागवली आणि ती दहा मिनिटांत टेबलावर आली, तर ती आधीच शिजवून ठेवलेली आहे किंवा गावरान नाही. तिला शिजायला वेळ लागतो, हाडे कडक असतात, रस्सा पातळ पण चवीला दाट असतो, आणि दर अर्थातच जास्त असतो. मासे मागवताना ते हतनूर, गिरणा या धरणांतले किंवा उकाई धरणाच्या फुगवट्यातले आहेत की परराज्यातून बर्फात आलेले, हे विचारावे. पावसाळ्यात, म्हणजे रोहू-कटल्याच्या विणीच्या काळात, अंड्यावर असलेला नदीतला मासा न मागवलेला बरा.

ताट, उरलेले अन्न आणि बिल

अमर्याद थाळी दिसायला फायद्याची, पण अन्न वाया घालवण्याची सवय तीच लावते. मर्यादित थाळी मिळत असेल, तर ती घ्यावी आणि जे आवडले ते वेगळे मागवावे. वाढणाऱ्याला सुरुवातीलाच "भाजी थोडी-थोडी वाढा, लागली की मागतो," असे सांगितले, म्हणजे आग्रहाचा धाक राहत नाही. खान्देशात आग्रह हे अगत्य मानले जाते, त्यामुळे नको असलेल्या वाटीवर वेळीच हात आडवा धरावा. पानात टाकण्यापेक्षा तेवढा उद्धटपणा परवडतो. केळीच्या पानावर किंवा पळसाच्या पत्रावळीवर वाढणारी हॉटेले आता पुन्हा दिसू लागली आहेत. थर्माकोलची ताटे तर कायद्यानेच बंद आहेत. ती दिसली तर मालकाला शांतपणे तसे सांगावे.

बिल देताना, मालक फुरसतीत असेल, तर दादरचे पीठ, कळणा, बिबडे, नवापूरची डाळ यांची पाकिटे विकायला आहेत का, ते पाहावे. काही हॉटेले महिला बचत गटांचा माल गल्ल्याशेजारी ठेवतात, आणि त्यातला नफा थेट गावात जातो. कळण्याच्या पिठाला उडदामुळे लवकर पोरकिडे लागतात, तेव्हा ते महिनाभर पुरेल इतकेच घ्यावे.

उरलेले अन्न बांधून घेण्यात संकोच नसावा. त्यासाठी घरून एक-दोन डबे नेले, तर प्लास्टिकच्या पिशवीत गरम रस्सा ओतण्याची वेळ येत नाही. शेवभाजी बांधताना शेव आणि रस्सा वेगवेगळे मागावेत, एरवी घरी पोचेपर्यंत लगदा होतो. बट्टी दुसऱ्या दिवशी कुस्करून, तुपावर परतून चांगली लागते, आणि कळण्याची भाकरी तव्यावर पुन्हा कडक करता येते. भरीत मात्र कांद्याची पात घातल्यावर फार काळ टिकत नाही. ते बांधून घेतलेच, तर त्याच रात्री संपवावे.